बर्फात जीव तगतो कसा?

थंडीचे दिवस आले की आपण शेकोटी पेटवतो. अंगावर घोंगडी घेतो. वासराच्या पाठीवर गोणपाट टाकतो. निफाडकडे तर पहाटे द्राक्षांच्या बागांतसुद्धा शेकोट्या पेटलेल्या दिसतात. का? तर थंडीने मणी तडकू नयेत म्हणून. महाबळेश्वरला वेण्णा तळ्याच्या काठी एखाद्या पहाटे गवतावरचे दंव गोठते आणि गवत पांढरे होते. लोक ते बघायला जातात. ऊन वर आले की सारे विरून जाते. आपल्याकडची थंडी ही एवढीच.

पण या पृथ्वीवर असाही मुलूख आहे, की जिथला बर्फ उन्हाळ्यातही हटत नाही. पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला अंटार्क्टिका नावाचा खंड आहे. तो आपल्या भारताच्या चौपटीहून मोठा आहे. त्याच्यावर बर्फाचा जो थर आहे, तो सरासरी दोन किलोमीटर जाड आहे. आपले कळसूबाईचे शिखर नेऊन त्यात ठेवले, तर टोकसुद्धा वर दिसायचे नाही.

थंडी मोजायची कशी? ती अंशांत मोजतात. पाणी 100 अंशांवर उकळते. शून्य अंशावर त्याचा बर्फ होतो. आपल्या अंगाची ऊब 37 अंश असते. थंडी शून्याच्याही खाली गेली, की शून्याखाली इतके अंश असे म्हणायचे. विहीर जमिनीखाली किती हात खोल आहे हे आपण सांगतो ना, तसेच हे. अंटार्क्टिकावर 1983 साली एका ठिकाणी शून्याखाली 89 अंश थंडी मोजली गेली.

अशा मुलखात कोणी राहत असेल का? राहतात. पक्षी राहतात, मासे राहतात, किडे राहतात. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात बेडूकसुद्धा राहतो. ते जगतात कसे, हेच आम्ही इथे सांगणार आहोत.

थंडी मारते म्हणजे काय?

आधी हे समजून घेऊ. आपले अंग निम्म्याहून जास्त पाण्याचे आहे. घर जसे विटांचे, तसे अंग पेशींचे बनलेले असते. पेशी इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने भरलेली एक इवलीशी पिशवीच समजा.

आता काचेची बाटली पाण्याने काठोकाठ भरली, बूच घट्ट लावले, आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, तर काय होईल? बाटली फुटेल. (करून बघू नका, काचा लागतील.) कारण पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो. अकरा लोटे पाणी गोठले, तर त्याला बारा लोट्यांची जागा लागते.

अंगातल्या पेशींचेही तेच होते. शिवाय बर्फाचे कण टोकदार असतात. ते पेशीची पातळ कातडी फाडतात. मग ऊब मिळून बर्फ वितळला तरी उपयोग नाही. पिशवी फाटली ती फाटलीच. सियाचेनच्या बर्फात पहारा देणाऱ्या जवानांना हिमदंश होतो तो असाच. बोट आधी बधिर होते, मग पांढरे पडते, पुढे काळे पडते. कधी कधी ते कापून टाकावे लागते. तिथे राहून आलेला जवान तुमच्या गावात असेल, तर त्याला विचारा.

म्हणजे नुसती थंडी जीव घेते असे नव्हे. अंगातल्या पाण्याचा बर्फ झाला, की खरा घात होतो. म्हणून बर्फाच्या मुलखातल्या प्रत्येक जिवापुढे एकच प्रश्न असतो. अंगातल्या पाण्याचे करायचे काय?

पायावर अंडे घेऊन उभा बाप

सरळ उपाय म्हणजे ऊब धरून ठेवणे. अंग गरम राहिले तर पाणी गोठणारच नाही. हा उपाय पेंग्विन करतो.

पेंग्विन हा न उडणारा पक्षी. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली पेंग्विन आणले, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. पण ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. बर्फातले नव्हेत. अंटार्क्टिकावर राहतो तो सम्राट पेंग्विन. सगळ्या पेंग्विनांत तो मोठा. उंचीला चार-पाच वर्षांच्या पोराएवढा आणि वजनाला 35 ते 40 किलो भरतो.

त्याच्या अंगावर पिसांचा दाट थर असतो. पिसांखाली चरबी असते. म्हणजे आत वाकळ आणि वर घोंगडी. पण पायांचे काय? पाय तर उघडेच, आणि उभे राहायचे बर्फावर! तिथे एक युक्ती आहे. पायाकडे जाणारे गरम रक्त आणि पायाकडून परत येणारे थंड रक्त शेजारशेजारच्या नळ्यांतून वाहते. खाली जाणारे रक्त आपली ऊब वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते. वाटेत समोरून येणाऱ्या माणसाच्या हाती गाठोडे द्यावे आणि म्हणावे, 'हे घरी नेऊन ठेव', तसेच हे. ऊब पोटाकडे परत जाते. पाय थंड राहतात, पण गोठण्याइतके नाही.

आपल्याकडे ज्येष्ठात पेरण्यांची घाई चालते, तेव्हा तिकडे ऐन हिवाळा असतो. दिवस नावालाच उरतो, काही ठिकाणी तर सूर्य उगवतच नाही. आणि याच दिवसांत सम्राट पेंग्विनाची मादी अंडे घालते. एकच अंडे. घरटे नाही, कारण काडी नाही, माती नाही. समुद्राच्या गोठलेल्या पाण्यावरच ही सारी वस्ती असते. मादी आपले अंडे नराच्या पायांवर सरकवते आणि समुद्राकडे चालू लागते. अंडे घालून ती खंगलेली असते. तिला मासे खायला हवेत.

मागे राहतो बाप. तो अंडे पायांवर ठेवतो. वरून पोटाच्या कातडीची घडी पांघरतो. अंडे बर्फावर घरंगळले आणि चटकन उचलता आले नाही, तर आतला जीव मेलाच. म्हणून चालायचे तेही पाय घासत. असे दोन महिन्यांहून जास्त दिवस! या काळात त्याच्या पोटात काही म्हणजे काही जात नाही. अंडे घालण्याआधीचे दिवस धरले, तर उपास साडेतीन महिन्यांवर जातो. अंगातली चरबी जाळून तो ऊब राखतो. 40 किलोचा नर शेवटी 25 किलोंच्या आसपास येतो.

वारा सुटला की हजारो नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. पावसात मेंढ्या दाटीवाटीने उभ्या राहतात तसे. कडेला असतो त्याला वारा झोंबतो, मध्ये असतो त्याला ऊब मिळते. पण मधली जागा कुणी बळकावून बसत नाही. सगळा जमाव इंच इंच सरकत राहतो. कडेचे आत येतात, आतले बाहेर जातात. बाहेर थंडी शून्याखाली कितीही असो, घोळक्याच्या आतली ऊब कधी कधी आपल्या अंगाइतकी होते.

पिलू अंड्यातून बाहेर येते. मादी अजून परतली नाही, तर बाप आपल्या घशातून दह्यासारखे काहीतरी बाहेर काढतो आणि पिलाला भरवतो. इतक्या उपासानंतर हे दूध येते तरी कुठून, असे वाटते. पण ते फार दिवस पुरत नाही. मादी वेळेवर आली पाहिजे. हजारोंच्या कोलाहलात ती आपल्या नवऱ्याला आवाजावरून ओळखते. पिलू तिच्या हवाली केले, की हा गडी समुद्राची वाट धरतो.

माणसाला ही थंडी किती जड जाते, तेही सांगतो. 1911 साली विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे इंग्रज या पेंग्विनांची अंडी आणायला भर हिवाळ्यात निघाले. अंधारात स्लेज ओढत गेले. जाऊन यायला पाच आठवडे लागले. थंडी शून्याखाली 60 अंशांवर गेली. अंगावरचे कपडे फळीसारखे ताठ झाले. कुडकुडून कुडकुडून चेरी-गॅरार्डचे दात फुटले. इतके करून हाती लागली ती तीन अंडी. लंडनच्या संग्रहालयात ती पोचली. तीन धडधाकट माणसे, लोकरी कपडे, तंबू, चूल, एवढे असूनही मरता मरता वाचली. आणि तो पक्षी तिथेच उभा राहून पोर वाढवतो!

रक्तात औषध असलेला मासा

माशाचे तसे नाही. त्याचे अंग गरम नसते. पाणी जसे थंड, तसा तोही थंड. मग तो काय करणार?

तुम्ही हाताने फिरवायचा आइस्क्रीमचा पॉट पाहिला असेल. त्यात बर्फाबरोबर खडे मीठ घालतात. खारट पाणी शून्यावर गोठत नाही. ते आणखी थंड होते, मगच गोठते. समुद्राचे पाणी खारट, म्हणून ते शून्याखाली जवळजवळ 2 अंशांपर्यंत पातळ राहते. माशाच्या रक्तात मीठ त्याहून कमी. म्हणजे समुद्र पातळ राहिला तरी माशाचे रक्त आधी गोठायला हवे. वरती बर्फाचे कण तरंगत असतात. त्यातला एक कण गिळला तरी पुरे. दुधाला विरजण लागावे, तसा अंगभर बर्फ पसरेल.

पण तसे होत नाही. 1960 नंतरच्या दहा वर्षांत डीव्रीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने याचा शोध लावला. या माशांच्या रक्तात एक खास प्रकारचे प्रथिन असते. बर्फाचा बारीक कण अंगात शिरला, की हे प्रथिन त्याला चारी बाजूंनी जाऊन चिकटते. कण तसाच राहतो, पण त्याला वाढता येत नाही. शत्रूला गावात येऊ दिले, पण पारावरच बसवून ठेवले, असे म्हणा.

तिथले काही मासे याहून नवलाचे आहेत. त्यांचे रक्त लाल नसते, पाण्यासारखे पांढुरके असते. रक्त लाल असते ते हवेतला प्राणवायू वाहून नेणाऱ्या लाल कणांमुळे. थंड पाण्यात प्राणवायू मुळातच जास्त विरघळतो. म्हणून हे मासे लाल कणांवाचून चालवून घेतात. 1954 साली रूड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने हे नीट तपासून जगापुढे मांडले. तोवर ते कोळ्यांच्या तोंडची गोष्ट म्हणून सोडून देत. कोळी खरे तेच सांगत होते.

दगड झालेला बेडूक

आता उत्तरेकडे जाऊ. अमेरिकेच्या उत्तरेला अलास्का नावाचा मुलूख आहे. तिथल्या जंगलात दोन-तीन इंचांचा एक बेडूक असतो. त्याला ऊबही राखता येत नाही आणि बर्फ थोपवूनही धरता येत नाही. तो सरळ गोठतो!

हिवाळा लागला की तो पाचोळ्याखाली जाऊन बसतो. थंडी वाढते. कातडीवर बर्फ धरू लागतो. तशी त्याच्या यकृतातून, म्हणजे आपण कलेजी म्हणतो त्यातून, साखर रक्तात सुटू लागते. थोडीथोडकी नव्हे. एवढी साखर माणसाच्या रक्तात झाली, तर तो वाचणार नाही. ही साखर पेशींत भरते. पेशींतले काही पाणी बाहेर निघते आणि कातडीखाली, आतड्यांच्या भोवती त्याचा बर्फ होतो. पेशीच्या आत उरतो तो घट्ट पाक. आणि पाक सहजी गोठत नाही, हे घरातल्या बायांना सांगायला नकोच.

अंगातल्या पाण्याचे तीन भाग केले, तर जवळजवळ दोन भागांचा बर्फ होतो. श्वास थांबतो. हृदय थांबते. हातात घ्याल, तर दगडासारखा टणक. कोणीही म्हणेल, मेला. पण वसंत ऋतू येतो. बर्फ वितळतो. आधी हृदय हलते, मग श्वास सुरू होतो, मग पाय. आणि बेडूक उडी मारून डबक्याकडे निघतो. अलास्कातल्या शास्त्रज्ञांनी रानातल्या अशा बेडकांवर पाळत ठेवली आणि 2014 साली ते प्रसिद्ध केले. थंडी शून्याखाली 18 अंशांपर्यंत उतरली होती. सहा महिन्यांहून जास्त काळ ते बेडूक गोठलेले होते. पाळतीवरचे सगळेच्या सगळे जगले.

त्याच मुलखात बिळात राहणारी एक खार आहे. ती हिवाळाभर झोपते. झोपेत तिचे अंग शून्याखाली जवळजवळ 3 अंशांपर्यंत थंड होते, तरी रक्त पातळच राहते. दोन-तीन आठवड्यांनी ती कुडकुडून अंग गरम करते आणि पुन्हा झोपी जाते.

बेडकाचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण आहे. अपघातात दगावलेल्या माणसाचे हृदय आता दुसऱ्या माणसाला बसवता येते. मुंबई-पुण्याकडे पोलिसांनी सारा रस्ता मोकळा करून रुग्णवाहिका सोडल्याची बातमी तुम्ही ऐकली असेल. इतकी धावपळ का? कारण काढलेले हृदय बर्फात ठेवून साधारण चार ते सहा तासच टिकते. ते गोठवून ठेवता येत नाही. गोठवले की पेशी फाटतात. ते जर जपून गोठवता आले, तर कितीतरी माणसे वाचतील. म्हणून शास्त्रज्ञ त्या बेडकाचा अभ्यास करतात.

कोरडे पडून राहणारे

पाणीच नसेल तर बर्फ होणार कशाचा? हाही एक मार्ग आहे.

गोव्याहून 6 डिसेंबर 1981 रोजी डॉ. कासिम यांच्याबरोबर आपल्या देशाची पहिली तुकडी अंटार्क्टिकाला निघाली. 9 जानेवारी 1982 ला ती तिथे उतरली. पुढे आपली ठाणीही झाली. 'मैत्री' 1989 साली आणि 'भारती' 2012 साली उभे राहिले. हे काम पाहणारी मुख्य संस्था गोव्यात वास्कोला आहे. मैत्रीच्या आसपासच्या उघड्या खडकांवर आपल्या शास्त्रज्ञांना काय सापडले असेल? दगडफूल! आपण मसाल्यात घालतो त्याचे भाऊबंद. ते थंडीत पार वाळून जाते. कुडकुडीत होते. बर्फाचे थोडे पाणी मिळाले की पुन्हा हिरवट होऊन वाढू लागते. वाढते मात्र अगदी हळू.

तिथे बिनपंखाचे एक चिलटही आहे. त्याची अळी दोन वर्षे बर्फाळ मातीत काढते. अंगातले निम्म्याहून जास्त पाणी गेले तरी ती मरत नाही.

शेतकऱ्याला यात नवल वाटायला नको. बियाणे कणगीत भरण्याआधी आपण ते खडखडीत वाळवतो. ओले राहिले तर कुजते. वाळलेले बी म्हणजे पाणी काढून टाकून झोपलेला जीवच. नॉर्वे देशाच्या स्वालबार्ड बेटावर 2008 साली डोंगराच्या पोटात बियाण्याचे एक मोठे कोठार बांधले. तिथे शून्याखाली 18 अंशांत जगभरचे बियाणे ठेवतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने पाठवलेली ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा यांची बियाणीही तिथे आहेत. उद्या एखादे वाण नाहीसे झाले, तर तिथून परत आणता येईल.

सैबेरियात तर याहून जुने कोठार मिळाले. ते माणसाचे नव्हे, खारीचे. गोठलेल्या जमिनीत 38 मीटर खाली खारीने साठवलेली फळे सापडली. ती सुमारे 32,000 वर्षांपूर्वीची होती. त्या फळांतल्या पेशी घेऊन रशियन शास्त्रज्ञांनी रोपे वाढवली. 2012 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली. रोपांना पांढरी फुले आली. बीसुद्धा धरले.

बर्फच फुटला तर

बर्फाचे हे सगळे जीव थंडीला पुरून उरले. आता त्यांच्यापुढे उलटेच संकट आहे. जग तापते आहे. कोळसा आणि तेल जाळून निघणारा धूर-वायू हवेत साठतो आणि उष्णता धरून ठेवतो.

पेंग्विनाचेच बघा. त्याची वस्ती गोठलेल्या समुद्रावर. पिलाच्या अंगावर आधी नुसती मऊ लव असते. ती भिजते. पाणी न शिरणारी खरी पिसे यायला मार्गशीर्ष-पौष उजाडतो. तोवर पायाखालचा बर्फ टिकलाच पाहिजे. तो आधीच फुटला, तर पिलू पाण्यात पडते. बुडते, नाहीतर गारठून मरते.

हॅली बे येथे सम्राट पेंग्विनांची फार मोठी वस्ती होती. 2016 साली वादळाने तिथला बर्फ वेळेआधी फुटला. त्या वर्षीची जवळजवळ सगळी पिले गेली. पुढची दोन वर्षेही तसेच झाले. 2022 साली बेलिंग्सहॉसेन समुद्रात तर पाच वस्त्यांपैकी चार वस्त्यांत एकही पिलू वाचले नसावे, असे दिसून आले. हे कळले उपग्रहाच्या चित्रांवरून. पेंग्विनांच्या विष्ठेने बर्फावर तांबूस डाग पडतो. तो डाग बर्फासकट नाहीसा झाला.

ऊब राखायला तो पक्षी शिकला. उपास काढायला शिकला. पण पायाखालची जमीनच निघून गेली, तर त्यावर त्याच्याजवळ युक्ती नाही. निघून जाणे तेवढे त्याच्या हाती उरते, आणि काहींनी तेच केले. हॅली बेपासून 55 किलोमीटरवर डॉसन-लॅम्बटन नावाच्या हिमनदीजवळ एक लहान वस्ती होती. 2015 साली तिथे पेंग्विनांच्या सुमारे 1,300 जोड्या मोजल्या होत्या. 2018 साली पुन्हा मोजल्या, तर 14,000 हून जास्त भरल्या.